लेकराची हाक : आय, माय, बय आणि वहिनी



वारीच्या वाटेवर ‘माउली’ हा एक शब्द सर्वांना पुरतो. पुढच्याला जरा बाजूस सरावयास सांगायचे असो, तांब्याभर पाणी मागायचे असो, की चुकून कोणाच्या पायावर पाय पडलेला असो, तोंडातून ‘माउली’च निघते. बाई की पुरुष हे पाहावयाचे नाही, वय पाहावयाचे नाही. सत्तर वर्षांची म्हातारी दहा वर्षांच्या टाळकऱ्या पोराला माउली म्हणते आणि ते पोरही तिला माउलीच म्हणते. पण हीच मंडळी वारी करून आपापल्या घरी परतली, म्हणजे जन्मदात्रीला काय हाक मारतात, हे कधी कान देऊन ऐकले आहे काय? वाटेवरचा शब्द एक आणि घरचे शब्द ढीगभर, असा प्रकार आहे. आजच्या पाठात त्या घरच्या शब्दांचा विचार करावयाचा आहे. विषय दिसावयास लहान, पण त्यावरून घरात रडारड होते, म्हणून तो घ्यावा लागला.

हा विचार करावयास पनवेलसारखी जागा शोधून सापडणार नाही. पनवेल हे मुळातच वाटेवरचे गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला बोरघाट. कोकणातला माल घाटावर चढला तो येथून, आणि घाटावरचा माणूस मुंबईस उतरला तोही येथूनच. १८५२ साली येथे नगरपालिका झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका. मूळची वस्ती आगरी, कोळी, कराडी यांची. त्यांच्या शेजारी ब्राह्मण, वाणी, कोकणी मुसलमान आणि बेने इस्रायल. बेने इस्रायलांचे १८४९ सालचे प्रार्थनामंदिर येथे आहे. पुढे १९७० साली सिडको स्थापन झाली, नवे पनवेल, कळंबोली, खारघर उभे राहिले, आणि सातारा, सांगली, सोलापूर, बीड, जळगाव, बुलढाणा अशा मुलखांतली माणसे एका जिन्यावर राहू लागली. आमच्या दिंड्यांतही आता तसेच झाले आहे. एकाच वीणेमागे चालणारे, पण एकाची आई ‘आये’, दुसऱ्याची ‘माय’, तिसऱ्याची ‘अव्वा’.

संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी अशा एखाद्या इमारतीखाली उभे राहावे. खेळणारी पोरे भूक लागली की खालूनच वर हाका मारतात. कोणी ‘आई, ए आई’ करतो. गावठाणातून आलेले आगऱ्याचे पोर ‘आये गो’ म्हणते, कुठे ‘बय’ म्हणते. वऱ्हाडातले ‘माय’ म्हणते, खानदेशातलेही ‘माय’च. सोलापूरकडच्या एखाद्या लिंगायत घरातले ‘अव्वा’ म्हणते, कारण कानडीत आईला अव्वा म्हणतात आणि त्या बाजूस मराठी-कानडी एकाच चुलीवर शिजते. सिंधुदुर्गातला माणूस आईविषयी दुसऱ्याशी बोलताना ‘माझी आवस’ म्हणेल, पण हाक मारताना मात्र ‘आये’. गोव्यात बोलताना ‘आवय’ आणि ‘बापूय’. हाक मारताना हिंदूंच्या घरी बहुधा ‘आई’, ख्रिस्ती घरी ‘मांय’.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आईविषयी बोलावयाचा शब्द वेगळा आणि आईला हाक मारावयाचा शब्द वेगळा, असे पुष्कळ ठिकाणी असते. बोलावयाचा शब्द मुलखाचा असतो, त्यावरून माणूस कुठला हे कळते. हाकेचा शब्द मात्र घराचा असतो. मुलूख एक, जात एक, गल्ली एक, आणि तरीही भिंतीपलीकडच्या घरात हाक निराळी, असे होते. पण त्या घराच्या हाकेकडे येण्यापूर्वी मुलखाच्या शब्दांचे थोडे पाहून घेऊ.

माणूस खरा कुठला हे ओळखावयाची जुनी खूण म्हणजे ठेच. नोकरीमुळे, शाळेमुळे, संगतीमुळे जिभेवर कितीही पुटे चढलेली असोत, पायाच्या अंगठ्याला दगड लागला की पहिला शब्द घरचा निघतो. वऱ्हाडातला ‘माय वं’ म्हणून खाली बसतो, कोकणातला ‘आये गो’ म्हणतो, देशावरचा ‘आई गं’. दिवेघाट चढताना हे वाटेल तितके ऐकून घ्यावे. घरी आईला मम्मी म्हणणारी आजची पोरेसुद्धा ठेच लागली की ‘आई गं’च म्हणतात, अशी आमची आपली नोंद आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी आपल्या नातवंडांवर लक्ष ठेवावे.

आता ‘माय’ आणि ‘आई’ यांत थोरला कोण, असा वाद शिकलेली मंडळी घालतात. माय हा शब्द संस्कृतातल्या ‘मातृ’पासून प्राकृताच्या वाटेने आला, यात शंका नाही. ‘आई’विषयी मतभेद आहेत. कोणी त्याचे मूळ ‘आर्या’ शब्दात पाहतात, कोणी दक्षिणेकडच्या भाषांत. जुन्या तमिळमध्ये आईला ‘आय्’ असा शब्द आहेच. आम्हांस या वादाचा निकाल लावावयाचा नाही. पण ‘माय म्हणणे गावंढळपणाचे, आई म्हणणे शुद्ध’ असे जे समजतात, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. ‘माहेर’ म्हणजे मातृगृह, आईचे घर. त्यातला ‘मा’ तो मायचाच. ‘मावशी’ म्हणजे मातृष्वसा, आईची बहीण, तीही मायचीच. मायलेकरे, मायबाप, मायबोली हे शब्द तर उघडेच आहेत. पनवेल-अलिबाग भागातले बेने इस्रायल इस्रायलात जाऊन स्थायिक झाले, तेव्हा तिकडे त्यांनी मराठीतून एक नियतकालिक काढले आणि त्याला नाव दिले ‘मायबोली’. तेव्हा ज्याला ‘माय’ म्हणण्याची लाज वाटते त्याने आधी बायकोला माहेरी पाठवणे बंद करावे, मग बोलावे. आणि आपली ‘माउली’? तीही मायच्याच कुळातली. म्हणजे घरी ‘आई’ म्हणणारा वारकरी वाटेवर आला की दिवसभर ‘माय’च म्हणत असतो.

शब्द इकडून तिकडे गेले की नातेही बदलते, याचा एक दाखला सीमेवरचा आहे. मराठीत ‘ताई’ म्हणजे थोरली बहीण. पन्नास कोस दक्षिणेला जा, कानडीत ‘तायि’ म्हणजे आई. उत्तरेला जा, हिंदीत ‘ताई’ म्हणजे थोरली काकू. गुजरातेत आई ‘बा’ होते. कस्तुरबांच्या नावातला ‘बा’ तोच. पंढरीस मराठी आणि कानडी दोन्ही मुलखांची माणसे येतात. वाळवंटात एखादी कानडी बाई ‘तायि’ म्हणाली तर मराठी बाईला वाटते, ही मला बहीण म्हणते आहे. दोघींचेही काही बिघडत नाही.

आता ‘आई’ या शब्दाचे एक जुने वळण पाहू, म्हणजे पुढचे समजावयास सोपे जाईल. नामदेवरायांचे घर आठवा. आई गोणाई, बायको राजाई, चार सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. साऱ्यांच्या नावाशेवटी ‘आई’. जी आई आहे तीही आई, आणि नव्याने घरात आलेली सून तीही आई. तुकोबारायांच्या घरी आई कनकाई आणि बायको जिजाई. त्याच्याही आधी, तेराव्या शतकातल्या महानुभावांच्या ग्रंथांत महदाइसा, उमाइसा, आउसा अशी बायकांची नावे येतात. त्यांतही ‘आइ’, ‘आउ’ ही आदराचीच टोके आहेत. शिवछत्रपतींच्या मातोश्री जिजाऊ, त्यांना आऊसाहेब म्हणत. म्हणजे जुन्या मराठीत आई हा शब्द मूल झालेल्या बाईचाच तेवढा नव्हता. बाईमाणसाला मान देऊन हाक मारावयाची तर ‘आई’ म्हणावे, अशी रीत होती.

आणि सर्वांत मोठा दाखला मुक्ताईचा. चार भावंडांत ती सर्वांत धाकटी. आईबाप लहानपणीच गेले. आई म्हणून हाक मारावयास तिलाच कोणी उरले नव्हते. त्या पोरीला सारा महाराष्ट्र सातशे वर्षे आई म्हणतो आहे. तिचे स्थान जळगाव जिल्ह्यात, पूर्वीचे एदलाबाद म्हणजे आताचे मुक्ताईनगर, येथे आहे. तो खानदेश म्हणजे ‘माय’ म्हणणारा मुलूख. घरी ‘माय’ म्हणणारी ही माणसे पालखीपुढे ‘मुक्ताई’ म्हणतात. ज्ञानोबाराय तर पुरुष, आणि त्यांना माउली म्हणतो. विठोबाला विठाई म्हणतो. तेव्हा आई ही हाक जन्म देण्यावरच ठरते, असे निदान वारकऱ्याने तरी म्हणू नये.

इतकी प्रस्तावना करण्याचे कारण एक शंका आहे. पनवेल तालुक्यातल्या एका माळकरी घरातील सुनेने ती आम्हांस विचारली. नावगाव सांगण्याचे कारण नाही. सून घाटावरची. घरात सासूबाई, दोन दीर, एक नणंद. सारे तिला ‘वहिनी’ म्हणतात. सासूबाईंना सारे, नवरासुद्धा, ‘आई’ म्हणतात. हिचा मुलगा साडेचार वर्षांचा. तो आजीला म्हणतो ‘आई’ आणि हिला म्हणतो ‘वहिनी’. शाळेत बाईंनी विचारले, ‘तुझ्या आईचं नाव काय रे?’ त्याने ठणठणीत आवाजात आजीचे नाव सांगितले. बाईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, ‘अरे, ही तर आजी. आई कुठाय?’ पोर म्हणाले, ‘घरी आई आहे आणि वहिनी आहे.’ वर्ग हसला. गोष्ट घरी आली. घरातलेही हसले. ती मात्र रात्रभर रडली. तिची शंका तिच्याच शब्दांत : ‘नऊ महिने मी वागवला, दुखलं-खुपलं मी बघते, मग मी त्याची वहिनी कशी?’

ही शंका एका घरची नाही. महाराष्ट्रात एकत्र कुटुंबाची घरे जिथे जिथे होती तिथे तिथे आईला वहिनी, काकी, मामी, ताई, अक्का, माई, बाई, जिजी म्हणणारी लेकरे होती आणि अजून आहेत. पन्नाशी-साठीचे गृहस्थ आपल्या आईला ‘वहिनी’ म्हणताना आम्ही ऐकले आहेत. असे का होते? कारण अगदी साधे आहे. तान्ह्या मुलाला नाते कळत नाही, आवाज कळतो. घरातली मोठी माणसे एका बाईला ज्या शब्दाने हाक मारतात, तो त्या बाईचा शब्द, असे त्याला वाटते. आपण जसे म्हणतो की हा आंबा, हा फणस, तसे ते म्हणते, ही आई, ही वहिनी. ‘आई’ म्हणजे जिच्या पोटी मी जन्मलो ती, हा अर्थ त्याच्या गावीही नसतो. घरातला प्रत्येक मोठा माणूस आजीला आई म्हणत असेल, तर ‘आई’ हे त्या म्हातारीचे नाव झाले. मग पोराने दुसऱ्या बाईला ते नाव कसे द्यावे? त्याच्या हिशेबाने तो अचूकच बोलतो.

म्हणून आम्ही म्हणतो, हाक हा घराचा सातबारा आहे. नीट वाचता आला तर त्यात सारे सापडते. जो आईला ‘वहिनी’ म्हणतो तो बापाच्या घरी काका-आत्यांच्या मांडीवर वाढला. ‘काकी’ म्हणणारा चुलत भावंडांच्या घोळक्यात वाढला. थोरली भावंडे काकी म्हणत, त्याने तेच उचलले. ‘ताई’ किंवा ‘अक्का’ म्हणणारा बहुतेक आजोळी वाढलेला. मामा-मावशा तिला ताई म्हणत होत्या. बाप लवकर गेला असेल, नाहीतर नोकरीसाठी दूर असेल. ‘मामी’ म्हणणाऱ्याच्या घरी आत्याची पोरे शिकावयास राहिलेली असत. एका शब्दावरून घरात कोण कोण जेवत होते ते सांगता येते. समाजशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे, ज्या स्वतः पंढरीच्या वाटेने चालल्या आणि ज्यांनी त्यावर लिहिलेही, त्यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. नात्याचे शब्द गोळा करून त्यांतून घराची घडण वाचावी, ही त्यांची रीत. ती आपल्या ओसरीवरही चालते.

याला आणखी एक कारण होते, आणि ते फारसे बरे नव्हे. जुन्या घरात सासू हयात असता सुनेने आपल्याच पोराचे चारचौघांत लाड करणे, त्याला उराशी धरणे, हे मर्यादेला सोडून समजत. घरची ‘आई’ एकच, ती सासू. धाकटीने ‘मला आई म्हण’ असे पोराला शिकवणे म्हणजे गादीवर हक्क सांगणे. आधी लग्नातच तिचे माहेरचे नाव जाई. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवे नाव लिहीत. ते नवे नावही कोणी घेत नसे. नवरा ‘अगं ए’ म्हणे, नाहीतर ‘बंडूची आई’ म्हणे. दीर वहिनी म्हणत, पुतणे काकी म्हणत. आणि बंडूही वहिनी म्हणू लागला, म्हणजे ‘बंडूची आई’ हे नाव फक्त नवऱ्याच्या तोंडी उरे. त्या सुनेचे रडे यातले आहे. हसण्यावारी नेण्याजोगे ते नाही.

आता उत्तर. पहिली गोष्ट, लेकराचे काही चुकलेले नाही आणि त्याची माया कमी झालेली नाही. रात्री ताप भरला की ते अंधारात कोणाचा पदर चाचपते ते पाहावे. दुसरी गोष्ट, त्याला धरून बसवून ‘म्हण आई, म्हण आई’ असे पढवू नये, चापट तर मुळीच मारू नये. मारून शिकवलेल्या शब्दाला त्या माराचाच वास लागतो. तिसरी गोष्ट मोठ्यांसाठी आहे, आणि खरे काम तिथेच आहे. पोर कानाने शिकते, तर त्याच्या कानावर पडणारे बदला. दिरांनी पोराला ‘जा, वहिनीकडे जा’ म्हणण्याऐवजी ‘जा, आईकडे जा’ म्हणावे. बापाने म्हणावे. आणि सर्वांआधी आजीने म्हणावे. आजीने एकदा ‘तुझ्या आईला विचार’ असे म्हटले, की त्याचे वजन इतरांच्या शंभर वेळांइतके. एका घरात दोन आया झाल्या तर बिघडत नाही. मराठीत ‘मोठी आई’ हा शब्द त्यासाठीच आहे आणि पुष्कळ घरांत आजीला तो लावतात. नामदेवरायांच्या घरी सहा आया नांदत होत्या, हे वर सांगितलेच.

मात्र हे लहान लेकरापुरते. चाळीस वर्षे ज्यांच्या घरी ‘वहिनी’ म्हणजेच आई आहे, त्यांनी आता उगाच सुधारणा करू नये. तिथे तो शब्द दिराच्या तोंडचा राहिलेला नाही. लेकरांनी तो घासून घासून आपला करून घेतला आहे.

दुसरा प्रकार याच्या उलट, आणि आमच्या मते अधिक काळजीचा. पाटीवर मुळाक्षरे शिकताना ‘आ’ आईचा असतो. मराठीतला हा सर्वांत सोपा शब्द. व्यंजनच नाही, दोन स्वर झाले की शब्द झाला. साने गुरुजी कोकणातले, पालगडचे. त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, ती १९३५ साली निघाली. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी तिचा चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पुस्तक, चित्रपट आणि मुळाक्षरे यांनी मिळून ‘आई’ हा शब्द घरोघर नेला. त्यात वाईट काही नाही. वाईट झाले ते असे, की ‘आय’, ‘बय’, ‘माय’ हे जणू त्याच्या खालचे, असे पोरांच्या मनात बसले. गावठाणातले पोर शाळेत ‘माझी आय’ म्हणाले की कोणीतरी फिस्स करून हसतेच. मग ते घरी येऊन आईला ‘आई’ म्हणू लागते, आणि आजीला ‘आय’ म्हणणाऱ्या बापाकडे खालच्या मानेने पाहते. ‘आय’ आणि ‘माय’ यांना ‘ला’ जोडून लोकांनी त्यांचे शिवीसारखे उद्गार करून टाकले, हेही एक कारण असावे. शब्द पवित्र असतो म्हणूनच तो शिवीत ओढतात. पण बदनाम शब्द होतो, शिवी देणारा नाही. आणि गंमत अशी की तीच आगरी-कोळी मंडळी कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेला गेली की ती ‘आई’ही असते आणि ‘आई माउली’ही, तिथे शुद्ध-अशुद्ध कोणी पाहत नाही.

‘मम्मी’विषयी आमच्याकडून कडक शब्दांची अपेक्षा वाचक करीत असतील. तसे काही आम्ही लिहिणार नाही. हा शब्द इंग्रजी शाळेच्या वाटेने आला हे खरे. पण ओठ मिटून ‘म’ म्हणणे हे तान्ह्याचे पहिलेच काम. दूध पिताना तोंड मोकळे नसते, तेव्हा नाकातून जो हुंकार निघतो तो ‘म’च्या जवळचा. रोमान याकोबसन नावाच्या भाषापंडिताने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे सांगितले. जगभरच्या भाषांतून मर्डॉक नावाच्या विद्वानाने जमवलेले आईबापांचे १०७२ शब्द त्याने तपासले. आईच्या शब्दांत शंभरात पंचावन्न ठिकाणी म-न असे नाकातले वर्ण निघाले, बापाच्या शब्दांत शंभरात पंधरा. तरी नियम पक्का नाही. जॉर्जिया देशात ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई! तेव्हा ‘मम्मी’ म्हटल्याने लेकरू परके होत नाही. फक्त एवढे पाहावे, की तो शब्द हौसेने आला आहे की लाजेने. हौसेने आला असेल तर येऊ द्यावा. ‘आय म्हटलं तर लोक काय म्हणतील’ म्हणून आला असेल, तर त्याने दुखावते ती कोपऱ्यात बसलेली म्हातारी. तिला तो सुधारलेला शब्द कळत नाही, पण आपला शब्द या घरात नकोसा झाला, एवढे बरोबर कळते.

एक बारकावा राहिला. आईला आपण ‘अगं’ म्हणतो आणि बापाला पुष्कळ घरांत ‘अहो’. देवालाही संतांनी ‘तू’च म्हटले. सासूला मात्र ‘अहो आई’. शब्द तोच, पण ‘अगं आई’ म्हणजे माहेर आणि ‘अहो आई’ म्हणजे सासर, हे परक्यालाही कळते. पूर्वी सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणे आणि सासऱ्याला ‘मामंजी’, कारण आत्याच्या मुलाला मामाची मुलगी देण्याची चाल होती. सासू खरोखरच आत्या असे. ती चाल कमी झाली, आत्याबाई गेल्या, सासूबाई आल्या, आणि आता सर्रास ‘आई’. म्हणजे सुनेने सासूला आई म्हणावयास सुरुवात केली, आणि त्याच घरात सुनेचे पोरही सासूलाच आई म्हणू लागले, तर त्या सुनेला एकाकी वाटणारच. सासूबाईंनी हे ओळखावे.

सरकारी कागदांवर आता आईला जागा मिळाली आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये ठरवले, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाचे नाव कागदोपत्री लिहिताना आधी बालकाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहावे. ही पोरे लवकरच बालवाडीच्या दारात उभी राहतील आणि आपले नाव सांगताना प्रत्येकाला आईचे नाव सांगावे लागेल. तेव्हा घरच्यांनी तयारी आधीच करावी. ‘हिला तू काय म्हणतोस?’ ‘वहिनी.’ ‘तुझी कोण?’ ‘आई.’ ‘तिचं नाव काय?’ असे तीन प्रश्न जेवताना, अंघोळ घालताना खेळासारखे विचारले की महिन्याभरात पोराला हाक, नाते आणि नाव हे तीन वेगळे आहेत हे कळून जाते. आमच्या वाचकांत बालवाडीच्या बाई पुष्कळ आहेत. त्यांनी ‘आईचं नाव काय’ असे एकदम न विचारता ‘घरी आईला काय म्हणतोस’ हे आधी विचारावे, आणि आय, बय, अव्वा, वहिनी, जे येईल ते वर्गासमोर तसेच परत म्हणून दाखवावे. बाईंनी एकदा म्हटले, म्हणजे पोरे हसत नाहीत.

बापाच्या हाकांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. श्याम वडिलांना ‘भाऊ’ म्हणे, हे पुष्कळांच्या ध्यानात असेल. अण्णा, दादा, तात्या, आबा, नाना या हाका पुढील पाठात घेऊ. वाचकांनी आपापल्या घरच्या हाका कळवाव्यात, सोबत मुलूख लिहावा, आणि हाक प्रथम कोणाच्या तोंडून घरात आली तेही लिहावे.